पेटीचा खालचा थर

सारजाबाईच्या हातात डाळिंब द्या. ती ते एकदा तळव्यावर घोळवते, अंगठ्यानं बाजू दाबते आणि सांगते, "सव्वातीनशे." तराजूत टाकलं की तीनशे वीस ग्रॅम भरतं. तिच्या या हातामुळं मी दोन पैजा हरलोय, एक पानसुपारीची आणि एक कोऱ्या टोपीची. तिसऱ्या खेपेला मी वाण्याकडून बुडाशी कोरून हलकं केलेलं वजन मागून आणलं. तिनं डाळिंब बाजूला ठेवून आधी वजनच उचललं आणि म्हणाली, "तात्या, ह्ये आजारी हाय व्हय?" त्या दिवसापासून वाणी माझ्याशी बोलत नाही.

हा हात तिला डाळिंबानं दिला नाही, मेंढरांनी दिला. धनगराच्या घरात जन्मली, धनगराच्या घरात दिली. लग्नानंतर अकरा वर्षं दिवाळी झाली की कळपामागून कोकणाच्या वाटेला लागायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. मेंढरू विकत घेणारा त्याच्या कमरेवर हात ठेवतो, मणका बोटाला लागतो का मांसात बुडतो ते चाचपतो आणि मग तोंड वाकडं करून कमी भाव सांगतो. सारजाबाई त्याच्या आधी हात ठेवायची आणि वजन सांगून मोकळी व्हायची. मग त्याला तोंड वाकडं करायला सवडच मिळायची नाही.

पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चरायला रान उरलं नाही. तिच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, शहाऐंशी साली कळप विकला. जोतीराम म्हणजे दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, आणि त्यातले सहा बैलांशी. नव्वद साली सरकारच्या फळबाग योजनेत त्यानं दोन एकर गणेश जातीचं डाळिंब लावलं. आजही बागेत पाणी सोडताना तो जिभेनं मेंढरं हाकल्यासारखा आवाज काढतो. एक दिवस झाडं त्याच्यामागून चालत येतील अशी त्याला आशा आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. तो नुसता हसतो.

आमची वस्ती निमगाव केतकीच्या पुढं दीड कोसावर. मी सव्वीस वर्षं बारामती-इंदापूर रस्त्यावर एस.टी.त कंडक्टर होतो, तेव्हा कुणाची मुलगी कुठं दिली आणि कोण कुणाच्या दारी पाणी पीत नाही, हे मला तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक. डाळिंबातलं मात्र मला काही कळत नव्हतं. एवढं दिसायचं की दर घरात पेटी भरायची एक रीत आहे. लाकडी पेटीत तळाला बारकी आणि तडकलेली फळं, मध्ये बरी, आणि वर घरातली सगळ्यात देखणी. याला म्हणायचे पेटीचं तोंड काढणं. सासू सुनेला पुरणपोळी शिकवते तसंच हेही शिकवायची. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. लग्नाला जाताना आपण केस विंचरतो, तसंच हे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात वस्तीवर एक जीप आली. त्याआधी तीन प्रकल्प येऊन गेले होते. एकानं शिलाई मशिनं वाटली, ती मुलींच्या लग्नात सासरी गेली. एकानं शेळ्या वाटल्या, त्या जत्रेत गेल्या. एकानं नुसतं प्रशिक्षण वाटलं, ते कुठं गेलं अजून कळलेलं नाही. या जीपमधून पुण्याच्या एका संस्थेच्या बाई उतरल्या. तिशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. शाळेत सभा भरली. आमच्या डाळिंब गटाचे अध्यक्ष विजयसिंह पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांचा ऊस मोठा, मिशा त्याहून मोठ्या.

"काय वाटणार आहात, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या.

मागची दोन बाकं रिकामी झाली. बाई घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, तुमचं डाळिंब इथून निघाल्यावर कुठं जातं?"

"टेंपोत."

"आणि टेंपोतून?"

"पुन्याला."

"तिथं कोण घेतं?"

"आडत्या."

"आडत्याकडून कोण घेतं? ते खातं कोण?"

मग मागून आवाज आला, "आमाला आडत्याची हिशेबाची पट्टी येती म्याडम. पट्टी आली म्हंजे डाळिंब पोचलं."

बाईंनी खडू घेतला आणि शाळेच्या फरशीवर गोल काढत गेल्या. बाग, पेटी, टेंपो, आडत्या, दुकानदार, आणि शेवटी खाणारा. सगळे गोल रेघेनं जोडले. म्हणाल्या, "ही साखळी. दर कडीपाशी तीनच प्रश्न विचारायचे. इथं फळाची किंमत कशानं वाढते, कशानं घटते, आणि हे ठरवतं कोण? आजवर सगळे बागेपासून सुरुवात करत आले. आपण खाणाऱ्यापासून उलटं येऊ. त्याला काय पाहिजे?"

"ग्वाड पायजे," जोतीराम म्हणाला. सभेत तो बोलल्याची ही पहिली नोंद.

विजयसिंहांचं लक्ष वेगळ्याच गोलावर होतं. ते उठले आणि चपलेनं आडत्याचा गोल पुसायला लागले. "एवढा एक काढा मॅडम, सगळं सरळ होतंय."

"काढू की," बाई म्हणाल्या. "पण तो करतो काय, ते आधी बघून येऊ. कडी काढली आणि साखळीचे दोन तुकडे झाले तर?"

त्या दिवसापासून त्यांचं नाव साखळीबाई पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता मलाही आठवत नाही.

मृग बहराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेला, माल डिसेंबरात निघाला, तेव्हा साखळीबाईंनी टेंपोमागून जीप लावली आणि आम्हाला पुण्याच्या बाजारात नेलं. विजयसिंह, सारजाबाई आणि मी. मला खरं तर कुणी बोलावलं नव्हतं, पण पुण्यात चुकलात तर एस.टी. कुठली पकडायची हे सांगायला माणूस हवा, असं म्हणून मी आधीच पुढच्या सीटवर बसलो होतो.

आडत्याच्या गाळ्यावर पेट्या उतरल्या. दर घराची पेटी ओळखायला रंगाची खूण असायची, सारजाबाईची खूण निळा ठिपका. एक दुकानदार आला, कानावर पेन्सिल. त्यानं वरचा थर बघितलासुद्धा नाही. हमालाला नुसती मान हलवली. हमालानं एक पेटी उचलली आणि गोणपाटावर सरळ उपडी केली. वरची नऊ फळं लग्नाला निघालेली, मधली कामावर निघालेली, आणि तळाची दवाखान्यातून आलेली. चारचौघे बघे हसले.

"इंदापूरकडचा माल," दुकानदार म्हणाला. "तळाचं फळ बघायचं आणि सगळ्या पेटीला तोच भाव लावायचा."

आडत्या आमच्याकडं वळला. "हे मी तुम्हाला पत्रानं कळवलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता आडत्या चोर."

विजयसिंह बाजाराचं छप्पर निरखायला लागले. साखळीबाईंनी दुकानदाराला विचारलं, "पेटी आतून एकसारखी असली तर?"

"तर मी उघडणारच नाही. माझा वेळ वाचेल, याची कंबर वाचेल. भाव वाढवून देईन. बारकं वेगळं भरा, बारकं म्हणून सांगा, तेही घेईन. रसवाले मागतात मला. पण एक बहर बघणार. त्यात एक पेटी जरी अशी निघाली, तर तुम्ही तुमच्या घरी."

परतताना पाटस आलं. सारजाबाई हळूच म्हणाली, "तात्या, उपडी केलेली पेटी बघितली? निळा ठिपका व्हता. म्याच लावलावता, वळखू यावा म्हनून."

मी पहिल्यांदाच तिला काही टोमणा मारला नाही. म्हणजे, बारामतीपर्यंत मारला नाही.

विजयसिंहांची इच्छा होती की प्रकल्पातून शीतगृह व्हावं, आणि दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी असावी. साखळीबाई म्हणाल्या, तळाला तडकलेलं फळ गार करून काय मिळणार? त्यातून झालं एवढंच: पत्र्याची शेड, दोन लांब टेबलं, तराजू आणि एक शिक्का. पाट्या-टोपल्यांतून सुटं फळ आणायचं, मोठं-मधलं-बारीक वेगळं करायचं, ज्याची त्याची पेटी वेगळी. घरी कुणी खिळा मारायचा नाही. सारजाबाईच्या समोरच पेटी बंद होईल आणि शिक्का बसेल. ज्याची भरलेली पेटी आत खोटी निघेल, त्याचा माल त्या बहरात घ्यायचा नाही. सारजाबाईला नेमलं ते तिच्या हातामुळं. मला नेमलं ते पेटीवर नंबर घालायला, आणि घरी मी कुणाला नको होतो म्हणून.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात परीक्षेचा बहर आला. पहिल्याच दिवशी तिनं विजयसिंहांच्या तीन पाट्या परत केल्या. त्यांनी मिशीवर हात फिरवला, पण साखळीबाई समोर उभ्या होत्या म्हणून गिळलं. मग इतरांनीही गिळलं.

त्याच सुमारास सारजाबाईच्या मुलीचं, मनिषाचं, लग्न ठरलं. पोरगी बारावी झालेली, जिभेनं आईच्या वळणाची. मुलगा पिंपळीचा महिपती, पणदऱ्याकडून दूध आणणारा टेंपो चालवायचा. पोरानं साखरपुड्यात मनिषाकडं इतकं बघितलं की त्याचा पेढा मुंग्यांनी खाल्ला. फाल्गुनातली तारीख धरली. त्याचे वडील आबाजी, पाच एकर ऊस आणि दीड एकर डाळिंब. सारजाबाईला असं घर शोधून मिळालं नसतं, आणि तिला ते माहीत होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. व्याह्यानं आणलेली वस्तू त्याच्यासमोर उघडत नाहीत. पिशवी असो, टोपलं असो, आत न्यायचं, पाहुण्याला चहा पाजायचा, आणि तो शिवेपार गेला की मग बघायचं. आत काही नसलं तरी 'लई आणलंत' म्हणायचं.

आबाजी एका सकाळी ट्रॅक्टर घेऊन शेडवर आले. ट्रॉलीत चाळीस पेट्या, घरूनच खिळे मारलेल्या.

"इहीणबाई, घरचाच माल हाय," ते फेटा सारखा करत म्हणाले. "शिक्का मारा आन टेंपोत चढवा. चा मातर फक्कड करा."

टेबलावरच्या सहा बायकांचे हात थांबले. विजयसिंह सारजाबाईच्या कानाशी येऊन म्हणाले, "चाळीस पेट्यांनी आभाळ कोसळत नाही. मारून टाक शिक्का." 'माझ्या तीन पाट्यांनी तेवढं कोसळत होतं,' हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. जोतीराम चहा घेऊन आला आणि व्याह्याला पेला देऊन स्वतःच्या पायांकडं बघत उभा राहिला.

सारजाबाई म्हणाली, "आबा, चा घ्या आदी."

आबाजींनी दोन घोट घेतले.

"पेटी उघडावी लागंल."

"कुनाची?"

"तुमचीच."

"साखरपुड्याची साडी बी उसवून बघितली व्हती का?"

"न्हाय बघितली. ती काय पुन्याला जायाची न्हवती."

तिनं हातोडी घेतली आणि पहिलीच पेटी उघडली. वरचा थर असा होता की मला क्षणभर फोटो काढावासा वाटला. तिनं एकेक फळ काढून टेबलावर ठेवत नेलं. तळाला बारकी आणि तडकलेली, नीट गवतात लपेटलेली.

"आबा," ती म्हणाली, "गेल्या साली माजीच पेटी अशी निघाली. समद्या बाजारात. म्या सोता डोळ्यानं बघितली. आपून ह्या समद्या पेट्या हितंच निवडू. मी बसते, दिस मावळायच्या आत हुतंय."

आबाजींनी पेला खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "सोयरीक जोडाया आलतो, झडती द्याया न्हाय," ते म्हणाले, आणि चाळीस पेट्या घेऊन ट्रॅक्टर पिंपळीच्या रस्त्याला लागला. उघडलेली पेटीही त्यांनी तशीच नेली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: लग्नाचं पुढं बघू.

मी हा किस्सा फक्त तीन ठिकाणी सांगितला. पण बारामतीच्या स्टँडवर पोचेपर्यंत सारजाबाईनं व्याह्याच्या डोक्यात हातोडी घातली होती. हे मी म्हटलं नव्हतं. निदान अगदी या शब्दांत म्हटलं नव्हतं.

मनिषानं आईशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी शेडवर येऊन माझ्यादेखत म्हणाली, "आई, तुला जावई न्हाय मिळाला तरी चालंल. पेटीतला थर सरळ पायजे."

"जावई बी पायजे," सारजाबाई म्हणाली. "पर ही येक पेटी गेली आसती तर समद्या वस्तीच्या पेट्या पुन्यात उपड्या झाल्या आसत्या."

"मग माजं काय?"

सारजाबाईनं हातातल्या फळाचं वजन सांगितलं, "तीनशे." मी सहज तराजूत टाकलं. अडीचशे भरलं. मी काटा हातानं झाकला आणि वहीत काहीतरी खरडल्यासारखं केलं.

इकडं एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. त्या चाळीस पेट्या आबाजींनी भरल्याच नव्हत्या. त्यांनी नुसता ट्रॅक्टर चालवला होता. पेट्या भरल्या होत्या त्यांच्या बायकोनं, कुशाबाईनं, आणि पिंपळीत पेटीचं तोंड काढावं तर कुशाबाईनंच, अशी तिची ख्याती होती. हातोडी पडली ती तिच्या ख्यातीवर. लग्न थांबवलं होतं ते तिनं.

आबाजींनी माल परस्पर पुण्याला पाठवला, बरोबर महिपती गेला. तिथं काय झालं ते मला सांगायला नको. गोणपाट तेच, हमाल तोच. पोरानं घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं.

दहाव्या दिवशी दुधाचा टेंपो शेडसमोर थांबला. महिपती चालवत होता, शेजारी कुशाबाई. बाई दारात मावेल न मावेल अशी, आवाज तिच्या आधी आत आलेला. "कुठं हाय ती हातवाली?"

सारजाबाई उठली. कुशाबाईनं तिला हातानंच खाली बसवलं आणि स्वतः समोर बसली. महिपतीनं सुट्या डाळिंबांच्या पाट्या उतरवल्या. खिळा एकालाही नव्हता.

"माजी पेटी खोटी म्हनं?"

"माजी बी व्हती."

"मला माज्या सासूनं शिकिवली."

"मला बी सासूनंच."

कुशाबाईनं पाटीतलं एक फळ उचललं, तळव्यावर घोळवलं आणि म्हणाली, "दोनशे ऐंशी." सारजाबाईनं तेच घेतलं. "दोनशे साठ." मी तराजूत टाकलं. बरोबर दोनशे सत्तर. दोघीही आपणच जिंकलो म्हणून भांडायला लागल्या. तेव्हा कळलं, कुशाबाईच्या माहेरीही दोनशे मेंढरं होती.

दुपारपर्यंत दोघींनी पाट्या निवडल्या. कुशाबाईनं तडकलेलं फळ स्वतःच्या हातानं बाजूला टाकलं, पण दर वेळी जरा थांबून. शेवटी पदरानं हात पुसत म्हणाली, "तुमी टेबलावर उघडली, त्येचा राग आला. तितं त्येंनी भुईवर वतली. पोरगं म्हनलं, आई, तितं येकानं बी चा इचारला न्हाय." मग उठली. "लगीन धरल्या तारखंला. पर ध्येनात ठिवा, पेटी उघडायचा हक मला बी हाय."

महिपतीनं टेंपोचा हॉर्न उगाचच दोन वेळा वाजवला. मनिषा खांबाआडून बाहेर आली आणि काही झालंच नाही अशा थाटात पाट्या मोजायला लागली.

त्या बहरात पाचव्या खेपेपासून दुकानदारानं आमची पेटी उघडणं बंद केलं. पुढच्या वर्षी पिंपळीतही एक टेबल लागलं, त्यावर कुशाबाई. नव्व्याण्णवला प्रकल्प संपला, जीप गेली. साखळीबाईंनी अहवालाची एक प्रत पाठवली होती. त्यात आमच्या तीन वर्षांची साडेचार पानं झाली होती, आणि आडत्याचा गोल जिथल्या तिथं होता. माझं नाव कुठंच नव्हतं. विजयसिंहांचंही नव्हतं, म्हणून मी फार मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी पुढं शेडच्या पत्र्यावर स्वतःचं नाव स्वतःच्या खर्चानं रंगवून घेतलं.

लग्न मात्र अठ्ठ्याण्णवच्या फाल्गुनातच झालं, धरलेल्या तारखेला, आमच्या वस्तीवर. रुखवतात सारजाबाईनं भांड्यांशेजारी एक पेटी ठेवली होती. स्वतःच्या बागेतली, हस्त बहराची, खिळे मारून शिक्का उठवलेली. पाठवणीची वेळ झाली, सामान टेंपोत चढायला लागलं. पेटी उचलली तशी कुशाबाई म्हणाली, "थांबा. हातोडी आना."

आबाजी पुढं आले. "आगं, व्याह्याची वस्तू आशी समद्यांपुढं..."

"तुमी गप बसा."

हातोडी जोतीरामनं आणून दिली. कुशाबाईनं सतरंजीवर बैठक मारली, पेटी उघडली आणि फळं काढून ओळीनं मांडत गेली. पहिला थर. दुसरा. सारजाबाई पदराच्या आत हात घेऊन उभी होती. मनिषा मुंडावळ्या सारून नवऱ्याकडं नव्हे, पेटीकडं बघत होती. शेवटचा थर निघाला. कुशाबाईनं तळाच्या कोपऱ्यातलं एक डाळिंब घेतलं, घोळवलं, मग वरच्या थरातलं एक दुसऱ्या हातात घेतलं. दोन्ही हात एकदा वरखाली केले, ते एकाच उंचीवर थांबले.

मग सगळी फळं पुन्हा गवतात नीट भरली आणि हातोडी सारजाबाईपुढं धरली. "खिळं तुमी मारा."

सारजाबाईनं चार खिळे ठोकले. पेटी टेंपोत चढली, आणि जागा नव्हती म्हणून मनिषा तिच्यावरच बसून पिंपळीला गेली.